चार पट्ट्या, एक सकाळ

पानावर चार आडव्या पट्ट्या आहेत, एकीखाली एक. प्रत्येक पट्टी एका विमानाची. डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकते. सगळ्यात वरच्या पट्टीत अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ११ सकाळी ७:५९ला बॉस्टनहून उडतं, ८:१४च्या सुमारास अपहरणकर्त्यांच्या ताब्यात जातं आणि ८:४६ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर आदळतं. दुसऱ्या पट्टीतलं युनायटेड १७५ हे ८:१४ला बॉस्टनहूनच उडालेलं आहे. ते ९:०३ला दक्षिण मनोऱ्यात घुसतं. तिसऱ्या पट्टीतलं अमेरिकन ७७ हे ९:३७ला पेंटागॉनवर आदळतं. चौथ्या पट्टीत मात्र बराच वेळ काही घडत नाही. युनायटेड ९३ला न्यूअर्कहून निघायला उशीर झाला आहे. ते उडतं ८:४२ला, पहिली धडक व्हायला चार मिनिटं उरलेली असताना.

११ सप्टेंबर २००१चा हल्ला चित्रांतून सांगणाऱ्या अमेरिकन पुस्तकाची ही सुरुवातीची मांडणी. नववी-दहावीच्या वर्गात हा विषय घ्यायचा असेल, तर मी याच मांडणीपाशी सर्वांत जास्त वेळ थांबेन. मुलांना विचारायचा प्रश्न सोपा आहे: चौथ्या विमानातल्या प्रवाशांनी अपहरणकर्त्यांवर चाल केली, तसा संघटित प्रतिकार आधीच्या तीन विमानांत झाल्याची नोंद नाही. असं का?

पहिलं उत्तर बहुधा असं येतं, की चौथ्या विमानातले लोक जास्त शूर होते. मग बोट पट्टीवरून आडवं न नेता उभं खाली न्यायला सांगायचं. युनायटेड ९३चं अपहरण झालं ९:२८ला. त्या क्षणी वरच्या दोन पट्ट्या संपलेल्या आहेत, दोन्ही मनोरे पेटलेले आहेत आणि सारी अमेरिका ते टीव्हीवर बघते आहे. या विमानातले प्रवासी घरी फोन लावतात आणि पलीकडून त्यांना न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते कळतं. आपलं विमानही असंच वापरलं जाणार, हे उमगल्यावर ते आपसांत मत घेतात आणि ९:५७ला कॉकपिटकडे धाव घेतात. १०:०३ला विमान पेनसिल्व्हेनियातल्या शँक्सव्हिलजवळच्या मोकळ्या जागेत कोसळतं. तिथून वॉशिंग्टन सुमारे वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. पहिल्या विमानातल्यांना हे कळायला काही मार्गच नव्हता. तोवर विमान अपहरण म्हणजे कुठेतरी उतरणं, मागण्या आणि वाटाघाटी, असाच लोकांचा अनुभव होता. युनायटेड १७५मधल्या एका प्रवाशानंही फोनवर सांगितलं होतं, की लोक कॉकपिटकडे जायचा विचार करताहेत. पण त्यांच्या हाती काही मिनिटंच होती. फरक शौर्याचा नव्हता. काहींना माहिती आणि वेळ मिळाला, काहींना मिळाला नाही.

चित्रांच्या पानाची मोठी ताकद इथे दिसते. गद्यात एकामागून एक वाक्य येतं, म्हणून एकाच वेळी घडलेल्या गोष्टीही ओळीनं सांगाव्या लागतात. चित्रफीत तर आपल्याला तिच्या वेगानं ओढून नेते. चित्रकथेचं पान मात्र थांबून राहतं. त्यावर चार ठिकाणची एकच वेळ शेजारीशेजारी मांडता येते आणि वाचणारा हवं तेव्हा मागे जाऊ शकतो. दहशतवादी कृत्याचा हेतूच मुळी आपल्याला थिजवण्याचा असतो. पंधरा वर्षांच्या मुलाला त्यातून बाहेर काढून ‘हे असं कसं घडलं?’ या प्रश्नापर्यंत आणायचं, तर त्याला स्वतःच्या गतीनं बघू देणारं साधन हवं.

हे पुस्तक कसं घडलं, तेही मुलांना सांगण्याजोगं आहे. हल्ल्याच्या चौकशीसाठी अमेरिकेनं दहा सदस्यांचा आयोग नेमला. अध्यक्ष टॉमस कीन, उपाध्यक्ष ली हॅमिल्टन. जुलै २००४मध्ये आयोगाचा अहवाल आला. साडेपाचशेहून अधिक पानांचा हा सरकारी दस्तऐवज दुकानांत प्रचंड खपला आणि त्या वर्षीच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीतही पोहोचला. पण नावं, वेळा आणि संस्थांच्या गर्दीत वाचक हरवून जाई. अर्नी कोलन हे अनुभवी चित्रकार तो वाचताना अडखळले आणि त्यांनी आपले जुने सहकारी सिड जेकबसन यांना गाठलं. दोघांची बरीच वर्षं हार्वी कॉमिक्समध्ये गेलेली. कॅस्पर हे गोड भूत आणि रिची रिच हा श्रीमंत पोरगा या मुलांच्या लाडक्या पात्रांवर त्यांनी काम केलेलं. सत्तरी ओलांडलेल्या या दोघांनी २००६ साली अहवालाची सुमारे १३० पानांची चित्रावृत्ती काढली. तिला कीन आणि हॅमिल्टन यांनी स्वतः प्रस्तावना लिहिली. मूळ अहवाल सरकारी असल्यानं त्यावर कुणाचा स्वामित्वहक्क नव्हता, म्हणून हे शक्य झालं. चौकटींमधला मजकूर त्यांनी शक्य तितका अहवालाच्याच शब्दांत ठेवला.

शब्द अहवालाचे आहेत. चित्रं कुणाची?

सगळा धडा या प्रश्नावर उभा राहतो, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ. खऱ्या घटनेवरच्या चित्रकथेतली कुठलीही चौकट घ्या. तिच्यात साधारण तीन प्रकारची माहिती मिसळलेली असते. पहिली नोंदलेली: विमान किती वाजता उडालं, नियंत्रण कक्षात कोणते शब्द ऐकू आले, हवाई सेविकेनं फोनवर काय कळवलं. दुसरी अनुमानाची: फोनवरच्या वर्णनावरून कोण कुठे बसलं असेल, धूर कुठून आला असेल. तिसरी चित्रकाराच्या मनातली: चेहऱ्यावरचा भाव, हाताची मूठ, उजेडाची दिशा. पानावर या तिन्ही गोष्टी एकाच शाईनं काढलेल्या असतात, त्यामुळे डोळा त्या सारख्याच खऱ्या मानून पुढे जातो.

वर्गात यासाठी तीन रंगांच्या पेन्सिली पुरतात. पुस्तकावर नव्हे, पानाच्या छायाप्रतीवर काम करायचं. जे नोंदलेलं आहे त्याभोवती हिरवी रेघ, अनुमानाभोवती पिवळी, कल्पनेभोवती लाल. मुलं गटात बसून भांडतील, आणि ते भांडण होऊ द्यावं. उदाहरणार्थ, कॉकपिटच्या आतलं चित्र. चार विमानांपैकी फक्त युनायटेड ९३च्या कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण वापरण्याजोगं हाती लागलं. न्यूयॉर्कमधल्या दोन विमानांचे रेकॉर्डर सापडले नाहीत. पेंटागॉनवर आदळलेल्या विमानाचा सापडला, पण तो निकामी झाला होता. म्हणजे उरलेल्या तीन विमानांच्या कॉकपिटमधलं दृश्य काढलं, की त्यातला बराच भाग लाल रेघेत जातो. मुलांना हे एकदा कळलं, की ती दुसऱ्या पानावर न सांगता तोच प्रश्न विचारू लागतात. चित्र हातानं काढलेलं आहे हे लपत नसल्यामुळे ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ असं त्याला विचारणं मुलांना सोपं जातं. चित्रफितीसमोर हा प्रश्न सहसा सुचत नाही, कारण कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते सगळंच खरं, असं आपण धरून चालतो.

दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेकडेही लक्ष वेधावं. स्कॉट मॅकक्लाउड यांनी १९९३च्या आपल्या पुस्तकात चित्रकथेच्या माध्यमाची उकल केली. त्यांचं म्हणणं असं, की एका चौकटीतून दुसरीत जाताना मधलं सगळं वाचक स्वतःच्या मनात घडवून घेतो. हिंसेच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. एका चौकटीत निळ्या आकाशातलं विमान, पुढच्या चौकटीत मनोऱ्यातून निघणारा धूर. मधलं काहीच काढलेलं नसलं, तरी मुलाच्या मनात ते घडतं, आणि त्याला पेलेल तेवढंच घडतं. चित्रकारानं कुठे न दाखवायचं ठरवलं, हे शोधायला लावणं हा माझ्या मते फार चांगला गृहपाठ आहे.

कोलन-जेकबसन यांनी एके ठिकाणी घेतलेला निर्णय मला पटत नाही. स्फोटांच्या आणि पडझडीच्या चौकटींत त्यांनी सुपरहीरोंच्या कॉमिकसारखे ठळक आवाजाचे शब्द घातले आहेत. त्या दिवशी २,९७७ माणसं मारली गेली. त्या पानांवर ‘धडाम’च्या जातीची रंगीत अक्षरं डोळ्यांना खुपतात आणि अनेक समीक्षकांनी तेव्हाच तसं म्हटलं होतं. वर्गात मात्र या उणिवेचा उपयोग करून घेता येतो. छायाप्रतीवर ती अक्षरं कागदाच्या पट्टीनं झाकायची आणि पान पुन्हा वाचायचं. काय बदललं, हे मुलांनी आपल्या शब्दांत लिहायचं.

या पुस्तकानं कठीण गोष्टी टाळलेल्या नाहीत, हे मात्र मान्य करायला हवं. यंत्रणा कुठे चुकल्या, हा आयोगाच्या अहवालाचा गाभा होता. ईशान्य अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्राला पहिल्या विमानाबाबत धडकेआधी नऊ मिनिटं सूचना मिळाली. उरलेल्या तीन विमानांबाबत आगाऊ सूचना मिळालीच नाही. याआधी लष्कर आणि विमान वाहतूक खात्याच्या अधिकाऱ्यांनी वेगळ्या वेळा सांगितल्या होत्या. आयोगानं ध्वनिफिती तपासून त्या चुकीच्या ठरवल्या. मुलांना हे दाखवावंच. सरकारी माणसानं जाहीरपणे सांगितलेली वेळही दुसऱ्या पुराव्यानं बदलू शकते, हे त्यांना वेळेच्या पट्टीवर बोट ठेवून बघता येतं.

एकच पुस्तक वापरलं, तर मुलं तेच अंतिम सत्य समजतील. म्हणून शेजारी दुसऱ्या जातीचं पुस्तक ठेवावं. आर्ट स्पीगेलमन यांचं ‘इन द शॅडो ऑफ नो टॉवर्स’ २००४ साली आलं. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या वडिलांची कहाणी सांगणाऱ्या ‘माउस’साठी १९९२मध्ये पुलित्झरचा खास सन्मान मिळवलेले हेच ते चित्रकार. ते मनोऱ्यांच्या जवळच राहत होते आणि त्या सकाळी पत्नीसह मुलीला शाळेतून आणायला धावले होते. त्यांच्या मोठ्या पानांवर कोसळण्याआधीचा मनोऱ्याचा तापून लाल झालेला सांगाडा पुन्हा पुन्हा येतो, कारण तो त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. इथे घड्याळ नाही, क्रम नाही. भीती, राग, सरकारवरचा अविश्वास, सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. आयोगाचा अहवाल काय घडलं ते सांगतो, स्पीगेलमन एका माणसावर काय घडलं ते सांगतात. दोन्ही वाचलेल्या मुलाला अहवाल आणि साक्ष यांतला फरक व्याख्येवाचून समजतो.

आणि हल्ल्यानंतरचं काय? डॉन ब्राउन यांचं २०२१चं ‘इन द शॅडो ऑफ द फॉलन टॉवर्स’ किशोरांसाठीच आहे आणि ते हल्ल्यानंतरचे क्षण, तास, दिवस, महिने यांवरच रचलेलं आहे. हा ‘नंतर’चा भाग वर्गातून गाळला, तर धडा अर्धवट राहतो. हल्ल्याला चार दिवस होत नाहीत, तोच ॲरिझोनातल्या मेसा शहरात एका शीख पेट्रोलपंपमालकाला गोळ्या घालून मारण्यात आलं. मारणाऱ्याला पगडी आणि दाढी दिसली, तेवढं त्याला पुरलं. म्हणून हल्लेखोरांचे चेहरे कसे काढले आहेत, ते मुलांसोबत नीट बघावं. सगळे एकसारखे आहेत का? त्यांच्यावरच गडद छाया आहे का? त्याच पानांवर साधी मुस्लिम माणसं, मृत वा बचावलेली, दिसतात का? १९ माणसांचं कृत्य वाचकाच्या मनात एका समाजाचा चेहरा कसा बनतं, ते शाईच्या रेघांत पकडता येतं.

वर्गाची आधीची तयारी थोडक्यात सांगतो. कुठली पानं दाखवणार, ते मुलांना आदल्या दिवशी सांगावं. कुणाच्या घरात असा घाव झाला असेल, तर त्या मुलाला न विचारता, न अवघडवता बाहेर बसण्याची मुभा असावी. हल्लेखोराची भूमिका कुणाला करायला लावू नये आणि स्फोटाचं चित्र काढायला सांगू नये. पालकांनाही पुस्तक आधी बघू द्यावं. टेनेसीतल्या एका जिल्ह्यात जानेवारी २०२२मध्ये ‘माउस’ अभ्यासक्रमातून काढलं गेलं. जपानमध्ये मात्सुए शहरात हिरोशिमावरची ‘बेअरफूट गेन’ ही केजी नाकाझावा यांची चित्रमालिका शाळांच्या खुल्या कपाटांतून हटवली गेली आणि २०१३मध्ये टीका झाल्यावर पुन्हा ठेवली गेली. अशा पुस्तकांवर आक्षेप येतात, हे गृहीत धरून आधीच बोलणं बरं.

आता आपल्याकडे. आज महाराष्ट्रात नववी-दहावीत असलेली मुलं २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर जन्मलेली आहेत. त्यांच्या पालकांना तो हल्ला टीव्हीवरून आठवतो, आणि त्या टीव्हीचीच गोष्ट इथे महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयानं या हल्ल्याच्या खटल्यातल्या २९ ऑगस्ट २०१२च्या निकालपत्रात वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कठोर टीका केली. सीमेपलीकडचे सूत्रधार तेच प्रक्षेपण बघून हल्लेखोरांना फोनवरून सूचना देत होते. ती संभाषणं यंत्रणांनी ऐकली आणि नोंदवली. कॅमेऱ्याचं चित्र त्या रात्री हल्ल्याचं साधन बनलं होतं. या घटनेवर मुलांनी स्वतः सावकाश, तपासून एक पान काढावं, याहून योग्य काम मला सुचत नाही.

पट्ट्यांची मांडणी इथेही चालते. छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि कामा रुग्णालय ही एक पट्टी. लिओपोल्ड कॅफे आणि ताज ही दुसरी. ओबेरॉय-ट्रायडंट तिसरी, नरिमन हाउस चौथी. सगळ्यांत खाली पाचवी पट्टी फक्त त्या फोनवरच्या आवाजांची, चेहऱ्यांवाचून. पट्ट्या सुरू होण्याआधी डावीकडे एक अरुंद चौकट बधवार पार्कच्या किनाऱ्याची. रबरी होडीतून उतरलेल्या अनोळखी तरुणांना मच्छीमार वस्तीतल्या रहिवाशांनी पाहिलं होतं. ती चौकट त्यांच्या नजरेतून काढता येईल. टर्मिनसच्या पट्टीत सुरुवात बंदूकधाऱ्यापासून न करता उद्घोषक विष्णू झेंडे यांच्या कक्षापासून करावी. काचेपलीकडे गोळीबार चालू असताना ते ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं ते सांगत राहिले. पुढे गिरगाव चौपाटीवर हल्लेखोराला धरून ठेवणारे पोलीस तुकाराम ओंबळे. कोणापासून सुरुवात करायची, ही निवडही मुलांनीच करावी आणि तिचं कारण लिहावं.

प्रत्येक चौकटीखाली बारीक अक्षरांत आधार लिहायचा. टर्मिनसवर वृत्तछायाचित्रकारानं काढलेली छायाचित्रं खटल्यात पुरावा म्हणून आली. त्यावरून काढलेली चौकट हिरवी. घरातल्या मोठ्यांनी सांगितलेली आठवण पिवळी. मुंबईतली मुलं शेजाऱ्यांशी बोलतील, लातूर-कोल्हापूरची मुलं ती रात्र टीव्हीसमोर काढलेल्या आजी-आजोबांशी. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतल्या मुलांना हेच काम ११ सप्टेंबरवर करता येईल. चौथं विमान त्यांच्या राज्यातूनच उडालं होतं. लाल चौकटी कमीत कमी ठेवायच्या, पण लाल आहे तिथे लाल म्हणायचं.

अलीकडच्या इतिहासाचं एक पथ्य मात्र काटेकोर पाळावं लागतं. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. २०१५मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. कुणी २०१६ साली त्या बारा जणांना गाडीत बॉम्ब ठेवताना दाखवणारं पान काढलं असतं, तर आज ते कुठल्या तोंडानं मुलांपुढे ठेवणार होतो? म्हणून स्फोट काढा, बोगी काढा, धावून आलेली माणसं काढा. आरोपीचा हात चित्रात आणण्याआधी निकालाची तारीख बघा. २६/११च्या पानाचंही तसंच. त्या हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेनं एप्रिल २०२५मध्ये भारताच्या हवाली केलं आणि त्याच्यावर इथे कारवाई सुरू झाली. त्याच्याबद्दलच्या चौकटीत ‘आरोप आहे’ हे शब्द चित्राइतक्याच मोठ्या अक्षरांत हवेत.

सामग्री हाताशी आहे. सर्वोच्च न्यायालयाचं २०१२चं निकालपत्र सार्वजनिक आहे आणि त्यात घटनाक्रम, साक्षी, फोनसंभाषणं सविस्तर दिलेली आहेत. राज्य सरकारनं नेमलेल्या राम प्रधान समितीनं २००९मध्ये पोलीस यंत्रणेच्या प्रतिसादाबद्दल आपला अहवाल दिला. निकालपत्र इंग्रजीत असल्यानं मराठी माध्यमाच्या शिक्षकाला पहिल्या आठवड्याचं काम तिथेच आहे: टर्मिनसवरच्या साक्षींची दोन-तीन पानं निवडून सोप्या मराठीत उतरवायची, वेळा आणि ठिकाणं तशीच ठेवायची, आणि मुलांच्या हातात पेन्सिल देण्याआधी ती पानं द्यायची.